कोअर

शिरोलीच्या फाउंड्रीत मी कोअर करते.
वाळू, रेझिन, पेटी, दाब, वाफ.
पेटी उघडली की हातात येतो एक आकार
जो कुठल्याच यंत्रात बसत नाही.
तो साच्यात नुसती जागा अडवतो,
लोखंडाचा रस तिथे जाऊ नये म्हणून.

सहाला सुट्टी. तावडे हॉटेलपाशी उतरून चालत घर.
भाकऱ्या, आईच्या गोळ्या,
आणि दहानंतर, आवाज अगदी बारीक करून,
दिग्याचा गेमचा डबा.
दिगंबर मस्कतला गेला, डबा इथेच राहिला.
दोन रिमोट. एकाचं डावं बटण चिकटतं.

गेमच्या गोष्टीत पूर येतो.
(आम्हाला पुराचं काय सांगता, पण असो.)
एक नावाडीण बुडत असते, एक पेटी वाहत असते,
पेटीत खिंडीचे नकाशे.
पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी
आणि झरझर झिजणारं एक वर्तुळ.

पहिल्यांदा मी अजून वाचतच होते.
वर्तुळ संपलं. दोन्ही गेलं.
नायक गप्प उभा,
जणू त्याच्याच मनात तसं होतं.
दुसऱ्यांदा पेटी काढली.
तिसऱ्यांदा तिला.

तर ती पुढच्या प्रकरणात तापानं गेली.
तिची उरलेली सगळी वाक्यं
एक म्हातारा कोळी बोलतो, शब्दाला शब्द.
आणि नकाशे? ते वाण्याकडे होतेच की,
तीस नाण्यांना.
तिन्ही वाटांना तोच बर्फाचा दरवाजा,
तोच राजा, आणि मग काळ्या पडद्यावर
वर वर सरकणारी माणसांची नावं.

शाहूपुरीतला तौफीक, जो डिस्क भाड्यानं देतो, म्हणाला,
"सगळं आधीच ठरलंय ताई.
पैसे वसूल वाटावेत म्हणून बटणं दिल्यात."

असेल.
पण तापाच्या आधी, त्या एकाच खेळीत,
नाव खुंटाला बांधता बांधता
ती मागं वळून विचारते,
जेवलास का?
याला पर्याय येत नाहीत. वर्तुळही नाही.
मी मोठ्यानं "हो" म्हटलं.
आई जागी झाली.

नॉकआउटला खराडेमामा कास्टिंग हलवतात,
माझा कोअर भुगा होऊन खाली पडतो.
दिवसाला दोनशे चाळीस.
बाहेरून सगळे पंप सारखे,
माझे कुठले, सुलोचनाचे कुठले, कोण सांगणार.
आत बोट घातलं तर लागतं वळण
जिथून तेल फिरेल.
एकदा माझा कोअर तांदळाएवढा सरकला होता.
बाहेर काही दिसलं नाही.
चाचणीला पाणी सोडलं, तेव्हा घाम फुटला लोखंडाला.

काल दिग्याची फाइल उघडली.
म्हटलं बघू तरी, ह्यानं काय काढलं पाण्यातून.
ह्यानं, जो आईला म्हणाला स्टँडवर येऊ नको,
आणि रिक्षात बसल्यावर
मान वळवली नाही.

एकूण वेळ, एक्केचाळीस तास.
माझी अख्खी गोष्ट संपते अठरात.
नोंदवहीत लिहिलंय: नावाडीण, वाचवली.
भेटी, सतरा.

मग कळलं.
गाव सोडल्याशिवाय ताप येत नाही.
हा गाव सोडतच नव्हता.
पिशवीत दोनशे मासे, विकायला कुणी नाही,
लाकडं फोडून ठेवलेली,
आणि तो घाटावर, नावेजवळ,
दोन वर्षं तसाच उभा.

मी त्याला पुढं नेलं नाही.
शेजारी जरा बसले, पाण्याचा आवाज ऐकत,
आणि काहीच न जपता बंद केलं.

आज शुक्रवार, त्याला सुट्टी.
फोनवर मागं कुणाची तरी शिट्टी, कुकरची.
आईचं बोलून झालं.
मग मला म्हणाला, "संपवलीस का गं गेम?
शेवट काय हाय?"

खिडकीबाहेर महामार्गावर ट्रक.
एक, दोन, तीन.

"कुठलं रे," म्हटलं,
"डावं बटण चिकटतंय."